गिऱ्हाईक फासे टाकत नाही

मागच्या खोलीचं माप घ्यायला शिवणक्लासच्या बाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा ग्रंथकार त्या खोलीतच बसलेले होते. बाईंनी खिडकीपासून दारापर्यंत टेप लावली, मधे ग्रंथकारांचे पाय आले ते "जरा उचला हं" म्हणून उचलायला लावले, आणि भिंतीकडे बघत सांगितलं की सहा मशिनं आरामात बसतील, फक्त मधलं ते टेबल तेवढं निघायला हवं. ग्रंथकार पाय वर धरून ऐकत होते. खाली घ्या असं कोणी म्हटलं नाही, म्हणून बाई जाईपर्यंत ते तसेच बसून राहिले.

ग्रंथकार हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते त्यांच्या मेहुण्याने ठेवलं आणि चिकटलं. झालं होतं असं, की विमा कंपनीतली नोकरी मुदतीआधी सोडून त्यांनी प्रकाशन संस्था काढली होती आणि संस्थेचा पहिला व एकुलता एक ग्रंथ स्वतःच लिहिला होता. नाव, 'उलट्या डोंगराचे राज्य'. पानं चारशेच्या वर, बांधणी जाड पुठ्ठ्याची, एका हाताने उचलायला गेलं की मनगटात कळ. ग्रंथ म्हटल्यावर लोकांना कादंबरी वाटे. ती कादंबरी नव्हती, खेळ होता. म्हणजे खेळाचे नियम होते.

खेळ तसा सोपा. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, की तुम्ही जंगलात आहात, पूल मोडलाय, पलीकडून कोणीतरी येतंय. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. जास्त पडले तर जमलं, कमी पडले तर फजिती. एवढ्यासाठी चारशे पानं कशाला, असं पुष्कळांनी विचारलं. ग्रंथकार त्यांना दोर चढण्याचं प्रकरण उघडून दाखवत. तिथे कोरड्या दोराचे नियम वेगळे, ओल्याचे वेगळे आणि अर्धवट ओल्याचे आणखी वेगळे दिले होते. विचारणारे पुन्हा विचारत नसत.

दर शनिवारी संध्याकाळी मागच्या खोलीत हा खेळ चाले. दाताचे डॉक्टर येत, जे दिवसभर लोकांना आ करायला लावत आणि खेळात न चुकता चोर होत. बँकेतले कॅशियर येत. बँकेत एका नोटेचा हिशोब लागेना तर रात्र करणारा हा माणूस खेळात राजपुत्र होई आणि मोहरा उधळत सुटे. आणि भूगोलाच्या मॅडम येत. त्यांच्या शाळेत मुलांवर हात उगारायला बंदी होती, त्यामुळे खेळात त्या योद्धा होत आणि दिसेल त्याला आडवं करत. ग्रंथकार गोष्ट सांगत. आठवड्यातले तेवढेच तीन तास असे होते, की ग्रंथकार बोलताहेत आणि मधे कोणी "ते राहू द्या, आधी पंप चालू करा" म्हणत नाही. त्या तीन तासांवर त्यांचा बाकीचा आठवडा उभा होता, हे त्यांनी कोणाला सांगितलं नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं.

बायकोलाही माहीत होतं. ती पंखे बनवणाऱ्या कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घेण्याच्या खात्यात होती, आणि दिवसभर ऐकून ऐकून तिचं बोलणं मोजकं झालं होतं. तिने सरळ सांगितलं: वर्ष संपायच्या आत प्रकाशनाने शिवणक्लास देईल त्या भाड्याइतकी कमाई दाखवली तर खोली तुमची, नाहीतर नव्या वर्षात शिवणक्लासची. यात आरडाओरडा नव्हता की रुसवा नव्हता. त्यामुळे वाद घालायला जागाच उरली नाही.

ग्रंथाच्या प्रती आजवर खपल्या होत्या त्या शनिवारच्या तिघांना, मेहुण्याला भिडेखातर, आणि गिर्यारोहणाचं पुस्तक समजून घेऊन गेलेल्या एका अनोळखी गृहस्थाला. तेव्हा आता दुसरं काहीतरी काढायला हवं होतं, आणि ते खपणारं हवं होतं. नेमकं काय, याबद्दल ग्रंथकारांनी एक-दोघांजवळ बोलून दाखवलं, आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते झालं. खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर जिन्यात गाठून म्हणाले की कॅलेंडर काढा, कॅलेंडर फुकट वाटलं तरी भिंतीवर राहतं. फुकट वाटून नफा कसा होईल, या प्रश्नावर ते तुटकपणे म्हणाले की ते तुमचं तुम्ही बघा. समोरच्या वहिनींचं म्हणणं पडलं की मुलांसाठी रंगवायचं पुस्तक करावं, मात्र राक्षस नकोत, भुतं नकोत आणि मारामारी नको. एवढं वगळल्यावर ग्रंथात एक पूल आणि तो ओला दोर राहत होता. न्हाव्याने काहीही काढा पण स्वस्त काढा असं सांगून मान खाली दाबली.

मेहुण्याचा सल्ला सगळ्यात वजनदार होता, कारण मेहुण्याचं गाद्यांचं दुकान खरोखर चालत होतं. त्याने समजावलं, की भावजी, माणूस गादी एकदा घेतो आणि वीस वर्षं लोळतो. गादीवर दुकान चालत नाही, दुकान चालतं उशांवर, अभ्र्यांवर, चादरींवर. तुमचा ग्रंथ ही गादी झाली, तुमच्या उशा कुठायत? ग्रंथकारांना आपल्या ग्रंथाला गादी म्हटलेलं रुचलं नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्याखालच्या उशीकडे त्यांचं लक्ष गेलं आणि मग झोप लागली नाही.

उशा निघाल्या चार: डोंगराच्या राज्याचे घडीचे नकाशे, रंगीत फासे, ग्रंथाचा दुसरा खंड, आणि खेळातल्या माणसांचे बोटाएवढे पुतळे. यातली कोणती काढायची हे ठरवायला शनिवारची मंडळी बसली. इथे दुसऱ्या कोणी चार दुकानं फिरून चौकशी केली असती, दहा जणांना विचारलं असतं. या मंडळींना प्रश्न सोडवायची एकच रीत ठाऊक होती. ग्रंथकारांनी दिवा जरा मंद केला आणि आवाज खाली आणून सुरुवात केली, की तुम्ही एका प्रकाशन संस्थेत आहात, बाहेर बाजार पसरलाय, आणि वर्ष संपत आलंय.

खेळ रंगला हे मान्य केलं पाहिजे. कॅशियरनी पहिल्याच फेरीत संस्थेचं सगळं भांडवल जाहिरातीत उधळलं. डॉक्टर प्रतिस्पर्ध्याच्या कचेरीत खिडकीतून शिरले. वितरक जास्त कमिशन मागतोय म्हटल्यावर मॅडमनी तलवार काढली, तेव्हा त्यांना आवरावं लागलं. मग एकेका मालासाठी फासा पडला. नकाशांना सात आले, दुसऱ्या खंडाला तीन, रंगीत फाशांना नऊ. पुतळ्यांचा फासा मॅडमनी टाकला. तो टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळत गेला, थबकला आणि त्याच्यावर वीस दिसले. वीस म्हणजे यापुढे काही नाही. चौघेही उभे राहिले. त्या रात्री खेळात पुतळ्यांसाठी दुकानांपुढे रांगा लागल्या आणि राजाने स्वतः संच मागवला.

सोमवारी ग्रंथकारांनी फंडातून पैसे काढले आणि पुतळ्यांची खरीखुरी मागणी नोंदवली. कोणी म्हणेल की माणसाला अक्कल असते. असते. पण ज्या फाशाच्या भरवशावर इतकी वर्षं डोंगर ओलांडले त्याने एवढं स्पष्ट सांगितल्यावर ऐकायचं नाही, हा कृतघ्नपणा ग्रंथकारांच्या स्वभावात नव्हता.

बोटाएवढे पुतळे करून देणारा माणूस गावात नव्हता. शेजारच्या गावात एक ट्रॉफीवाला होता, जो शाळा-कॉलेजांना बक्षिसं पुरवत असे. त्याने चित्रं पाहिली, मान डोलावली आणि होऊन जाईल म्हणाला. होऊन जाईल म्हणणाऱ्या माणसाला खोदून विचारायचं असतं, ते ग्रंथकारांनी विचारलं नाही. ट्रॉफीवाल्याचे साचे सगळे जिंकलेल्या माणसांचे होते. नमुना आला तेव्हा कळलं, की चेटूक करणारी म्हातारी एक हात वर करून हसते आहे, योद्धा हात वर करून हसतो आहे, आणि दोन डोकी असलेला राक्षसही, दोन्ही तोंडांनी हसत, एक हात वर करून छोट्या चौथऱ्यावर उभा आहे. डॉक्टरांना चोराचा पुतळा फार लागला. चोर हात वर करतो तो पकडला गेल्यावर, असं ते म्हणाले. पण तोवर बाकीचा माल ओतून झाला होता.

तो माल निघाला आणि करखात्याच्या नाक्यावर अडकला. ग्रंथकार कागद घेऊन गेले. तिथे चष्मा कपाळावर चढवलेले एक साहेब होते. त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की हा माल कशात बसतो: खेळण्यांत, शोभेच्या वस्तूंत की क्रीडासाहित्यात. खेळण्यांत बसवला तर तो तान्ह्या मुलाने गिळल्यास काय होईल याचा दाखला लागणार होता. ग्रंथकारांनी अभिमानाने सांगितलं की हे खेळाचं साहित्य आहे.

"मैदान कुठलं?" साहेबांनी विचारलं.

"मैदान नाही. टेबलावर खेळतात."

"खेळाडू पळतात वगैरे?"

"पळतात. पण मनात."

साहेबांनी पुष्कळ वेळ कागदाकडे पाहिलं. मनात पळणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे सोय नव्हती. त्यात कागद काढताना ग्रंथकारांच्या पिशवीतून वीस बाजूंचे फासे पडले आणि जुगाराची शंका उपस्थित झाली. शेवटी साहेब म्हणाले की खेळून दाखवा, म्हणजे काय आहे ते समजेल. ग्रंथकारांना आयुष्यात इतक्या आदराने कोणी विचारलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत साहेब, एक कारकून आणि पाणी देणारी मावशी अशा तिघांना घेऊन त्यांनी खेळ मांडला. मावशी फार उत्तम खेळल्या. कारकूनही बरे होते. साहेब प्रवासी झाले होते. पूर आलेली नदी उतरायची की थांबायचं असं विचारल्यावर, साहेब मी थांबणारा माणूस नाही म्हणाले आणि फासा टाकून मोकळे झाले. एक पडला.

आता एक म्हणजे बुडाला. फासा सरकवता आला असता, धक्का लागला म्हणता आलं असतं, पुन्हा टाका म्हणता आलं असतं. मावशी डोळ्यांनी तेच सुचवत होत्या. पण ग्रंथकार स्वतः लिहिलेल्या नियमाला जागले. त्यांनी गंभीर आवाजात पाणी नाकातोंडात गेल्याचं आणि साहेब वाहून गेल्याचं वर्णन केलं, आणि वर्णन चांगलं केलं. साहेबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि ही बाब वरच्या कार्यालयाकडे विचारार्थ पाठवावी लागेल असं सांगितलं.

घरी हा प्रकार ऐकल्यावर बायको इतकंच म्हणाली की माणसाला बुडवायला हीच वेळ मिळाली का. माल गोदामात पडून राहिला, आठवडे जाऊ लागले. अखेर चोराचंच डोकं चाललं. डॉक्टर म्हणाले की साहेब वाहून गेले असं तुम्ही म्हणालात, मेले असं कुठे म्हणालात? ग्रंथकारांनी आपलाच ग्रंथ काढून बघितला, तर पुरात वाहून जाण्याचे नियम खरंच वेगळे होते. ते दुसऱ्याच दिवशी नाक्यावर गेले आणि साहेबांना सांगितलं की खाली दोन कोसांवर एका फांदीला आपला सदरा अडकला आहे आणि आपण जिवंत आहात. साहेबांनी "असं का" म्हटलं. तासाभरात पुतळे शोभेच्या वस्तूंत बसले आणि सुटले.

सुटले, पण खपले नाहीत. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांना पुतळ्यांचं काम नव्हतं, आणि खेळ माहीत असलेले तिघे शनिवारी घरीच येत. मेहुणा म्हणाला की गादीच कोणाकडे नाही तर उशा कोण घेणार, आणि हे त्याने आधी का सांगितलं नाही हे विचारायचं त्राण ग्रंथकारांत नव्हतं. मॅडमनी शब्द टाकून शाळेला एक पेटी घ्यायला लावली. त्या वर्षी वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस म्हणून हात वर केलेला, दोन तोंडांचा राक्षस दिला गेला, आणि परीक्षकांपैकी एकाने ही निवड फार मार्मिक असल्याचं भाषणात सांगितलं. ग्रंथकार मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही.

वर्ष संपायला चार महिने उरले तशा शिवणक्लासच्या बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी टेबलही मोजलं, म्हणजे ते दारातून निघतं की पाय कापावे लागतील हे कळावं म्हणून. निघत नव्हतं. ज्या वर्षी घेतलं त्या वर्षी दाराची चौकट काढून आत आणलं होतं, असं ग्रंथकारांनी सांगितलं आणि टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. बाईंनी टेप गुंडाळली. बायको दारात उभी होती, तिने हे ऐकलं.

त्या शनिवारी ग्रंथकारांनी पुन्हा तोच खेळ मांडला. संस्था, बाजार, वर्षाची अखेर. कॅशियरना ताप होता, ते आले नव्हते, आणि गिऱ्हाईक कोण होणार हा प्रश्न होता. मागच्या वेळी गिऱ्हाईक कोणीच झालं नव्हतं, गिऱ्हाइकांचं काम फाशाने केलं होतं, हे तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बायको टेबलावरचे कप उचलायला आत आली होती. मॅडम म्हणाल्या, वहिनी, पाच मिनिटं बसता का? इतक्या वर्षांत ती कधी त्या टेबलाशी बसली नव्हती. हातातले कप तसेच ठेवून ती बसली.

"मी काय करायचं?"

"तू दुकानात आली आहेस," ग्रंथकार म्हणाले. "गिऱ्हाईक आहेस."

तिने जरा विचार केला. मग तिचा चेहरा बदलला. पंख्यांच्या कंपनीत दिवसभर समोर बसणारे सगळे चेहरे तिला पाठच होते. "आज रात्री माझ्याकडे चार माणसं जेवायला आहेत," ती म्हणाली. "जेवण झालं की कोणी बोलत नाही. दोघं मोबाईल काढतात, एक जण झोपतो. मला तासभर त्यांना टेबलाशी बसवायचंय. मी काही वाचणार नाही, मला वेळ नाही. आहे काही?"

डॉक्टरांनी उत्साहाने ग्रंथ पुढे केला. तिने तो उघडलाही नाही, हातावर तोलला आणि परत दिला. नकाशे दाखवले, तर हे कुठलं गाव म्हणाली. फासे पाहिले आणि सुंदर आहेत म्हणून खाली ठेवले. हात वर केलेली म्हातारी हातात घेऊन हिने काय जिंकलंय असं विचारलं. शेवटी मॅडमनी युक्ती काढली आणि फासा तिच्यापुढे सरकवत म्हणाल्या, की वहिनी, आम्ही तुमचं मन वळवायचा प्रयत्न करतोय, टाका फासा, पंधराच्या वर पडले तर तुम्ही घेतलंत.

बायकोने फाशाला हात लावला नाही.

"गिऱ्हाईक फासे टाकत नाही हो," ती म्हणाली. "गिऱ्हाईक उठून जातं." आणि कप घेऊन ती खरोखरच उठून गेली.

ग्रंथकारांच्या मनाला लागलं, साफ लागलं. बारा वर्षं लिहिलेला ग्रंथ बायकोने हातावर तोलून परत दिला होता, आणि तोही लोकांसमक्ष. पण नोकरीत त्यांनी पुष्कळ गिऱ्हाइकं उठून जाताना पाहिली होती, आणि अशी उठून जाणारी माणसं खोटं बोलत नाहीत हे त्यांना माहीत होतं. ते स्वयंपाकघरात गेले. बायको कप विसळत होती.

"ते चार जण," त्यांनी विचारलं, "त्यांना काय दिलं असतं तर तू थांबली असतीस?"

"बसता बसता सुरू होईल असं काहीतरी. पातळ."

पातळ हा शब्द ग्रंथकारांना जन्मात मानवला नव्हता. तरी ते लिहायला बसले. रोज संध्याकाळी बायको कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी, उभ्या उभ्या, ते तिला वाचून दाखवत. जिथे तिची नजर पंप चालू आहे का हे बघायला जाई, ते वाक्य कापायचं असा ठराव होता. पहिल्या आठवड्यात राज्याचा इतिहास गेला. मग तलवारींचे प्रकार गेले. वीस बाजूंचा फासा गेला आणि घरोघरी असतो तो साधा आला. ओल्या दोराशी मात्र ग्रंथकार अडून बसले.

"पण दोर ओला असला तर?" ते म्हणाले.

"तर वाळू द्या."

दोर गेला. राहिली सोळा पानं आणि आधीच भरून ठेवलेल्या सहा चिठ्ठ्या: तू जहाजाचा कप्तान, तू खोटं बोलणारा वैद्य, असं लिहिलेल्या. आधी काही वाचून ठेवावं लागत नव्हतं. पहिलं पान मोठ्याने म्हटलं की खेळ सुरू. नाव ठेवलं 'जेवणानंतर'. ग्रंथकारांनी त्यावर आपलं नाव बारीक अक्षरांत टाकलं.

पहिल्या पन्नास प्रती डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात, बाहेर वाट बघणाऱ्यांच्या बाकावर ठेवल्या. दात दुखणारा माणूस हाताला येईल ते वाचतो. आठवड्याभरात डॉक्टरांचा फोन आला की आतून हाका मारल्या तरी लोक उठत नाहीत, बाहेर एक जण कप्तान झालाय. मेहुण्याने गादीवर एक प्रत फुकट देऊन बघितली, आणि मग गादी न घेताच लोक प्रत मागू लागले तेव्हा तो जरा नाराज झाला. पुस्तकांची दुकानं मागू लागली, भेटवस्तूंची दुकानं मागू लागली. ग्रंथकारांनी लगेच 'दिवे गेल्यावर' काढलं, त्याच्यामागून 'पाहुणे राहायला आल्यावर'. पुतळेसुद्धा गेले, प्रत्येक दहा पुस्तिकांमागे दुकानदाराला एक फुकट, अशाने राक्षस संपले. चोर तेवढे उरले.

वर्ष संपलं तेव्हा भाड्याइतकी कमाई झाली होती, थोडी वरच झाली होती. बायको शब्दाची पक्की. तिने शिवणक्लासच्या बाईंना नाही म्हणून कळवलं आणि खोली ग्रंथकारांची झाली.

नव्या वर्षातल्या पहिल्या शनिवारी मंडळी आली आणि मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत जाता येत नव्हतं. 'जेवणानंतर'ची खोकी जमिनीपासून छतापर्यंत होती, 'दिवे गेल्यावर'ची खिडकीपर्यंत. टेबल तिथेच कुठेतरी खाली होतं. त्याचा एक पाय दिसत होता. ज्या टेबलासाठी एवढा आटापिटा केला ते वाचलं होतं, फक्त त्याच्याशी बसायची सोय राहिली नव्हती. ग्रंथकारांना ओरडावंसं वाटलं, पण कोणावर ओरडणार? कॅशियरनी हळूच विचारलं की आता आपण कुठे बसायचं. त्या आठवड्यात त्यांनी डॉक्टरांच्या दवाखान्यात बसून बघितलं. कॅशियरना ती उताणी होणारी खुर्ची आली, दिवा डोळ्यांवर, आणि ओल्या गुहेचं वर्णन चालू असताना त्यांनी सवयीने आ केला. पुढचा शनिवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही.

रिकाम्या शनिवारी ग्रंथकार पुढच्या खोलीत बसून राहत. पंप चालू करा म्हटलं की करत. बायकोने हे दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा चपला घालून बाहेर गेली. शिवणक्लासच्या बाईंनी दोन गल्ल्या सोडून दुसरी जागा घेतली होती. तिथे कापड बेतायचं लांबरुंद टेबल होतं आणि शनिवारी संध्याकाळी क्लासला सुट्टी असे. बाईंनी आधी माणसं किती, कोपरं टेकणार की नाही, हे विचारलं, आणि मग भाडं सांगितलं. चहा टेबलावर ठेवायचा नाही ही अट घातली. निघताना म्हणाल्या, की ते तुमचं जाड पुस्तक आहे ना, त्याच्या चार प्रती द्या. पूर्ण किमतीने.

ग्रंथकारांनी हे ऐकलं तेव्हा ते हरखून उठले. एकदम चार, म्हणजे क्लासमधल्या मुली खेळणार की काय! बायको पंप चालू करायला निघून गेली. शनिवारी तिथे पोचल्यावर उलगडा झाला: टेबलावर कापड पसरलेलं होतं, आणि ते सरकू नये म्हणून चार कोपऱ्यांवर 'उलट्या डोंगराचे राज्य' ठेवलेलं होतं. वजनाला फार छान आहे, बाई म्हणाल्या, आधी इस्त्र्या ठेवायचो, त्या घसरतात.

ग्रंथकार चांगलेच दुखावले. ते रागाने काही बोलणार होते, पण गिऱ्हाइकाला कशासाठी म्हणून विचारायचं नसतं, हे त्यांना आता कळलं होतं. त्यांनी ग्रंथ एकेक करून बाजूच्या स्टुलावर ठेवले, घडीचा नकाशा पसरला आणि गोष्ट सुरू केली. असे काही शनिवार गेले. डॉक्टर पुन्हा चोर झाले, मोहरा उधळल्या गेल्या, मॅडमनी दोघांना आडवं केलं. बाई कोपऱ्यात मशिनं झाकत, किल्ल्या घेत आणि दिवे घालवून जा म्हणून निघून जात.

एका शनिवारी ग्रंथ उचलताना एकातून काहीतरी लोंबताना दिसलं. निळ्या कापडाची चिंधी होती, पानांच्या मधे घातलेली. ग्रंथकारांनी उघडून बघितलं. दोर चढण्याचं प्रकरण होतं. समासात खडूने, शिंपी कापडावर करतात तशी, एक बारीक खूण होती. ग्रंथ मिटून त्यांनी तो स्टुलावर ठेवला. नकाशा सरळ असतानाही ते तो सरळ करत राहिले.

बाई किल्ल्या हातात घेऊन दाराशी गेल्या होत्या. तिथून परत आल्या.

"विचारीन म्हणत होते," त्या म्हणाल्या. "अर्धवट ओला म्हणजे नेमका किती ओला धरायचा? पिळून पाणी निघालं तर, की हाताला नुसता गार लागला तर?"

हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. लिहिताना ग्रंथकारांनी त्यावर एक अख्खा पावसाळा घालवला होता.

"बसा," ते म्हणाले. "सांगतो."

डॉक्टरांनी खुर्ची सरकवली, आणि बाईंना बसायला जागा व्हावी म्हणून ग्रंथकारांनी आपणहून पाय जवळ घेतले.